टॉवर समोर, तरी रेंज नाही

कोल्हापूरहून पुणे–बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघालं, की कागल मागे पडतं आणि थोड्याच वेळात कोगनोळीचा टोलनाका लागतो. पाट्यांवर कानडी अक्षरं दिसू लागतात, एसटीच्या जोडीला कर्नाटकच्या बस धावू लागतात. याच पट्ट्यात कुठेतरी खिशातला फोन मालकाला न विचारता महाराष्ट्राचं नेटवर्क सोडतो आणि कर्नाटकचं धरतो. हे कशाच्या आधारावर होतं, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ज्याची रेंज जास्त, त्याचा टॉवर फोन पकडतो. हे उत्तर अर्धवट आहे आणि जो अर्धा भाग त्यातून सुटतो तोच महत्त्वाचा आहे. आपल्याच कंपनीच्या आपल्याच नेटवर्कमध्ये एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना फोन रेंज पाहतो. पण कोणाच्या नेटवर्कवर जायचं, हे आधी ठरतं ते याद्यांनी, परवान्यांनी आणि कंपन्यांच्या आपसांतल्या करारांनी. म्हणजे ‘रेंज नाही’ ही तक्रार जितकी डोंगरदऱ्यांची आहे, तितकीच कागदांची आहे. आणि कागदावरची गोष्ट माणसाला बदलता येते. महापुराचा तडाखा सोसणाऱ्या आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या कोल्हापूर जिल्ह्यासाठी ही बाब जीवनमरणाची ठरू शकते.

आधी फोनचं वागणं पाहू. प्रत्येक सिमकार्डात मोबाईल नंबराहून वेगळा, १५ आकड्यांपर्यंतचा एक ओळख क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे. भारतात ते बहुतांशी ४०४ किंवा ४०५ असतात. त्यापुढचे दोन किंवा तीन आकडे नेटवर्कचे. एअरटेलच्या महाराष्ट्रातल्या नेटवर्कचा क्रमांक ४०४-९०, तर कर्नाटकातल्या नेटवर्कचा ४०४-४५. बीएसएनएलचे हेच क्रमांक ४०४-६६ आणि ४०४-७१. कंपनी एकच असली तरी फोनच्या हिशेबी ही दोन निरनिराळी नेटवर्क आहेत. प्रत्येक टॉवर आपला हा क्रमांक अखंड प्रसारित करत असतो. फोन सुरू झाला, की तो आधी मागच्या वेळी ज्या नेटवर्कवर नोंद होती ते शोधतो. ते सापडलं नाही तर घरचं नेटवर्क. तेही नसेल तर सिममधल्या दोन याद्या पाहतो: आधी मालकाने ठरवलेली, मग कंपनीने भरलेली. या सगळ्यातून काही हाती लागलं नाही, तर उरलेल्यांपैकी ठरावीक पातळीपेक्षा चांगला सिग्नल असलेली नेटवर्क निवडतो. ही पातळी जुन्या टू-जीसाठी उणे ८५ डीबीएम ठरवलेली आहे. त्यांतही तो सर्वांत जोरदार सिग्नलला पहिला मान देत नाही. क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा लागतो. सिग्नलच्या जोरानुसार उतरती रांग लागते ती शेवटी, कमजोर नेटवर्कांची. जिला आपण पहिली कसोटी समजतो, ती या यादीत सर्वांत खाली आहे.

नेटवर्क निवडलं म्हणजे काम झालं असंही नाही. फोन त्या नेटवर्ककडे नोंदणीची विनंती करतो आणि समोरून होकार किंवा नकार येतो. दोन कंपन्यांत करार नसेल तर नकार येतो, आणि फोन त्या नेटवर्कचा क्रमांक सिममधल्या ‘निषिद्ध’ यादीत लिहून ठेवतो. त्यानंतर टॉवर कितीही जवळ असला, तरी आपोआप निवड करताना फोन त्याच्याकडे पुन्हा विनंतीच करत नाही. गगनबावडा, राधानगरी, चंदगड या भागांत एका कंपनीचा टॉवर डोळ्यांसमोर असताना दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशी पाटी दाखवू शकतो, त्यामागचं कारण हे. ही पाटी नीट वाचली पाहिजे. फोनला टॉवर ऐकू येतो आहे आणि टॉवरलाही फोन ऐकू येऊ शकतो, असाच तिचा अर्थ आहे. ११२ सारखा आपत्कालीन क्रमांक फिरवला, तर या सगळ्या याद्या बाजूला ठेवून फोनने मिळेल त्या टॉवरवरून कॉल लावण्याचा प्रयत्न करावा, अशी तरतूद मोबाईलच्या जागतिक तांत्रिक नियमांतच आहे. म्हणजे यंत्राची क्षमता तिथे हजर आहे, परवानगी तेवढी नाही.

परवानगी मिळते तेव्हा काय घडतं, हेही पाहण्यासारखं आहे. कोल्हापूरचं सिम बेळगावच्या परक्या नेटवर्कवर आलं, की ते नेटवर्क सिमच्या घरच्या कंपनीकडे चौकशी करतं. घरच्या कंपनीकडे आणि सिममध्ये एकच गुप्त किल्ली असते. ती कधीही हवेतून पाठवली जात नाही. घरची कंपनी एक यादृच्छिक आकडा आणि त्याचं अपेक्षित उत्तर बेळगावला कळवते. बेळगावचं नेटवर्क तो आकडा फोनला देतं. सिम आपल्या किल्लीने उत्तर काढून परत धाडतं. उत्तरं जुळली की ग्राहक खरा. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याच्या शब्दावर परगावच्या पेढीने अनोळखी माणसाला माल द्यावा, तसा हा व्यवहार: ओळख घरची, सेवा परक्याची, हिशेब दोघांत मागाहून. पुढे घरच्या कंपनीच्या नोंदवहीत ‘हा ग्राहक सध्या कर्नाटकात’ अशी नोंद होते, आणि त्याला आलेला कॉल आधी घरी येऊन तिथून कर्नाटकाकडे वळवला जातो. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूर भागातून हजारो भाविक सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जातात. तिथे एकमेकांपासून शंभर पावलांवर उभे असलेले दोन कोल्हापूरकर रोमिंगवर फोनवर बोलले, तर जुन्या पद्धतीत तो कॉल महाराष्ट्रात येऊन परत सौंदत्तीला जाई. या येण्याजाण्याचा खर्च कोणीतरी सोसायचा, म्हणून आलेला कॉल उचलणाऱ्यालाही पैसे पडत.

पण हा खर्च मुळात आला कुठून? लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते. सीमा आणली ती परवान्यांनी. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर देश मोबाईल सेवेसाठी महानगरं आणि सर्कल यांत विभागला गेला. सर्कलांच्या हद्दी मुख्यतः राज्यांच्या हद्दींवरून आखल्या. त्यात महाराष्ट्र आणि गोवा एका सर्कलमध्ये आले, तर मुंबई वेगळी राहिली. परवान्याच्या हिशेबाने कोल्हापूरचा फोन पणजीत घरचा होता आणि आपल्याच राज्याच्या राजधानीत परका! बेळगाव आणि निपाणी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. तीच रेघ चार दशकांनी मोबाईलच्या नकाशात उतरली. निपाणीची बाजारपेठ, संकेश्वरचे नातेवाईक, चंदगडकराला कोल्हापूरपेक्षा जवळ पडणारं बेळगाव, ही सगळी रोजची ये-जा ‘रोमिंग’ ठरली. त्यातही कंपन्यांचे परवाने सर्कलवार असल्यामुळे आयडियाचं जाळं महाराष्ट्रात होतं आणि कर्नाटकात नव्हतं; तिथे तिला पाय ठेवता आला तो स्पाइस कंपनी घेण्याचा करार २००८ मध्ये झाला तेव्हा. तोपर्यंत आयडियाच्या कोल्हापुरी ग्राहकाला निपाणीत दुसऱ्याच कंपनीच्या आसऱ्याला जावं लागे. सीमेलगतच्या गावात तर घरात बसूनही फोन पलीकडच्या टॉवरवर जाऊ शके. त्यावर उपाय एकच होता: सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची निवड ‘आपोआप’ऐवजी ‘स्वतः’ अशी करून ठेवायची.

ही रेघ कशी पुसली गेली, तो इतिहास माझ्या मुद्द्याचा मुख्य पुरावा आहे. २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने देशभर मोफत रोमिंगचं उद्दिष्ट जाहीर केलं. दूरसंचार नियामक ट्रायने २०१३ मध्ये रोमिंगवर आलेल्या कॉलचा कमाल दर मिनिटाला ७५ पैसे ठरवला आणि १ मे २०१५ पासून तो ४५ पैशांवर आणला. त्याच वर्षी १५ जूनपासून बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात आली ती रोमिंगचा वेगळा दर न लावताच, आणि १ एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही देशांतर्गत रोमिंगचे पैसे घेणं थांबवलं. या काळात सीमेजवळच्या दूधगंगेचं पात्र हललं नाही, कोगनोळीचा नाका हलला नाही, नेटवर्कचे क्रमांकही वेगळेच राहिले. आजही तिथे एअरटेलचा फोन ४०४-९० सोडून ४०४-४५ धरतो. बदलले ते नियम, दर आणि स्पर्धेचं वारं. जी गोष्ट दोन दशकं तांत्रिक अपरिहार्यता म्हणून सांगितली गेली, तिच्यात खर्चाचा भाग थोडा आणि व्यवस्थेचा भाग मोठा होता, हे यातून सिद्ध झालं.

सर्कलांमधली भिंत गेली, पण सर्कलच्या आतली भिंत अजून उभी आहे. एकाच जिल्ह्यात एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलावं, याला सर्कलअंतर्गत रोमिंग म्हणतात. यावर मोठा वाद झाला तो थ्री-जीच्या वेळी. २०१० च्या लिलावात एअरटेलला कर्नाटकात थ्री-जी लहरी मिळाल्या, महाराष्ट्रात मिळाल्या नाहीत. आयडिया आणि व्होडाफोनचं नेमकं उलट झालं. तिघींनी आपसांत करार करून एकमेकींच्या ग्राहकांना सेवा देणं सुरू केलं. दूरसंचार विभागाने २०११ च्या अखेरीस ते बेकायदा ठरवलं, आणि एप्रिल २०१४ मध्ये टीडीसॅट या न्यायाधिकरणाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे व्यापारी फायदा दिसला तेव्हा याच कंपन्यांनी टॉवर वाटून घेतले आणि तो हक्क कायद्याने मिळवलाही. मग महापुरात हीच सोय ग्राहकाला का मिळू नये?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूरने काय पाहिलं, हे नव्याने सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; दोन्ही वेळा पाणी तिच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पुरात टॉवर बंद पडतो तो बहुधा पाण्याखाली गेल्यामुळे नव्हे, तर वीज गेल्यामुळे. मग बॅटरी काही तास चालते, जनरेटर डिझेल असेपर्यंत चालतो, आणि रस्ता तुटला की डिझेल पोहोचत नाही. शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावाभोवती तीन कंपन्यांच्या सेवेपैकी एकच टिकली, तर उरलेल्या दोघींचे ग्राहक छतावर बसून बोटीची वाट पाहताना मुके होतात, तेही जिवंत टॉवरच्या टप्प्यात. याचं उत्तर देशात वापरून झालं आहे. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातवर आलं, तेव्हा तिथल्या किनारी जिल्ह्यांत दूरसंचार विभागाने सर्कलअंतर्गत रोमिंग सुरू करायला लावलं. जानेवारी २०२५ मध्ये तर सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या २७ हजारांहून अधिक फोर-जी ठिकाणी बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांच्या ग्राहकांना एकमेकांचे टॉवर खुले करण्याची योजना जाहीर झाली.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला कंपन्यांचा: ज्याने डोंगरात खर्च करून टॉवर उभा केला, त्याचा फायदा न खर्चणाऱ्याने का घ्यावा? उद्या कोणीच टॉवर उभारणार नाही. बारमाही आणि फुकट वाटणीला हा आक्षेप लागू आहे. म्हणूनच मागणी दोनच ठिकाणांपुरती असावी: जाहीर झालेली आपत्ती आणि जनतेच्या पैशातून उभे राहिलेले टॉवर. पहिल्यात ठरलेल्या दराने कंपन्यांनी एकमेकींना पैसे द्यावेत. दुसऱ्यात गुंतवणूक कंपनीची नाहीच, तिथे मक्तेदारी मागण्याचा अधिकारही नाही. दुसरा आक्षेप अभियंत्यांचा: तीन कंपन्यांचे ग्राहक एका टॉवरवर लोटले तर तोही कोलमडेल. हा धोका खरा आहे. पण पाहुण्या ग्राहकांना फक्त बोलणं आणि एसएमएस यांपुरतं मर्यादित ठेवणं, व्हिडिओ थांबवणं, मदतकार्यातल्या क्रमांकांना अग्रक्रम देणं हे उपाय नेटवर्ककडे आहेत. गर्दीमुळे कॉल तिसऱ्या प्रयत्नात लागणं आणि अजिबात न लागणं, यांतलं पहिलं केव्हाही परवडलं.

तिसरा आक्षेप असा, की एकदा परक्या नेटवर्कवर गेलेले फोन तिथेच अडकून राहतील. त्याचं उत्तर फोनच्या नियमांतच आहे. देशातल्या देशात परक्या नेटवर्कवर असलेला फोन ठरावीक काळाने घरचं नेटवर्क शोधत राहतो. हा काळ सिममध्ये सहा-सहा मिनिटांच्या पटीत लिहिलेला असतो आणि तिथे काही लिहिलेलं नसेल तर तासाभराचा धरला जातो. घरचा टॉवर सुरू झाला की फोन आपला आपण परततो. चौथा आक्षेप सर्वांत सोपा वाटतो: दोन सिमचे फोन आहेत, घ्या दुसरं सिम. पण दोन्ही सिम चालू ठेवायला दोन रिचार्ज लागतात, आणि ज्या घराला एकच परवडतो तेच घर नदीकाठी किंवा धनगरवाड्यावर असण्याची शक्यता जास्त. शिवाय पुरात कोणता टॉवर टिकेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

तेव्हा काम कठीण नाही, वेळेवर करायचं आहे. संकट आल्यावर दिल्लीहून आदेश निघावा, मग कंपन्यांनी आपापल्या यंत्रणेत परवानग्या उघडाव्यात, यात पहिले निर्णायक तास निघून जातात. त्याऐवजी जिल्ह्याच्या मान्सूनपूर्व तयारीत बोटी आणि निवारा केंद्रांच्या जोडीने सर्कलअंतर्गत रोमिंगची चाचणीही असली पाहिजे: मे महिन्यात शिरोळ, हातकणंगले, करवीर या पूरपट्ट्यातल्या टॉवरांवर परक्या सिमची नोंद होते की नाही ते तपासायचं, पंचगंगेच्या कोणत्या पातळीला परवानगी आपोआप खुली होईल ते आधीच ठरवायचं, आणि पाणी ओसरल्यावर ती कधी बंद होईल तेही. कोगनोळीला रोज असंख्य फोन नेटवर्क बदलतात आणि कोणाला एक पैसाही जास्त पडत नाही, कारण कधीकाळी धोरणाने तसा आग्रह धरला, नियामकाने दर आवळले आणि स्पर्धेमुळे कंपन्यांना ते मान्य करावं लागलं. तोच आग्रह आता शिरोळसाठी आणि गगनबावड्यासाठी धरायचा आहे.