खडकाला सातबारा नसतो

लेखमाला : पैसा जनतेचा, पाणी कुणाचं? भाग 5

नोकरदारांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ नावाची एक कपात असते. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 साली आला तो रोजगार हमीसाठी. 1972 च्या दुष्काळात गावं खडी फोडायला रस्त्यावर आली होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांची कल्पना राज्याची योजना झाली आणि पुढे तिचा कायदा झाला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले पैसे अंबड-भोकरदनमध्ये पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या मजुरीला लागावेत, इतका सरळ विचार त्यामागे होता. पुरोगामी महाराष्ट्र म्हणतात तो मला या कपातीत दिसतो. म्हणूनच त्या पैशातून शिवारात काय उरलं, हे विचारणं मी माझं कर्तव्य मानतो.

गेल्या आठवड्यात आपण मोठ्या धरणांचा हिशेब पाहिला. आज जिथे कालवा पोहोचत नाही त्या शिवाराकडे वळू. जालना जिल्ह्याचा मोठा भाग असाच आहे.

आधी जमिनीखालचं समजून घेऊ. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. वाळूच्या थरासारखं पाणी त्यात मुरत नाही. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, एवढीच त्याची साठवण. ही कोठी लहान असते आणि ती सगळ्यांची सामायिक असते. माझ्या विहिरीतलं पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून येतं. जमिनीला सातबारा असतो, खडकाला नसतो. पाण्यावरच्या सरकारी खर्चाचं मोजमाप इथूनच सुरू व्हायला हवं.

आता जालना तालुक्यातलं कडवंची घ्या. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून 1996 च्या सुमारास तिथे काम सुरू झालं. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावाला हाताशी धरलं. कामाचा क्रम ठरलेला होता : माथा ते पायथा. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावरचे बांध. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या तर कार्यक्रमाच्या अटीच होत्या. धावणारं पाणी आधी चालायला लावायचं, मग थांबवायचं, मग मुरवायचं. शेततळी आणि द्राक्षबागा यानंतर आल्या. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या, तेव्हा कडवंचीतल्या द्राक्षबागा उभ्या होत्या.

यातून सरकारने काय उचललं? डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं. दरवर्षी 5,000 गावं टंचाईमुक्त करण्याचं ध्येय चांगलंच होतं. पण पुष्कळ ठिकाणी काम पायथ्यापासून सुरू झालं. पोकलेन नाल्यात उतरलं, खोलीकरण-रुंदीकरण झालं, माथ्यावरचे चर मागे पडले. माथा उघडा ठेवून नाला खोल केला की पहिल्याच मोठ्या पावसात वरची माती येऊन तो पुन्हा भरतो. अर्थतज्ज्ञ ह. मो. देसरडा यांनी या अशास्त्रीय कामांविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. 2020 मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाला फारसं यश आलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे 2023 मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला.

दुसरा प्रश्न शेततळ्यांचा. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 ची, तेव्हा अनुदान जास्तीत जास्त 50 हजार रुपये होतं. शेततळं म्हणजे उतारावरून वाहून जाणारा पाऊस अडवणारा खड्डा, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काठ उंच बांधून तळाला प्लास्टिकचं अस्तर घालतात आणि ते विहिरी-बोअरच्या पाण्याने भरतात. सामायिक कोठीतलं पाणी असं एकाच्या हौदात जातं, आणि त्यातलं बरंचसं उन्हात उडून जातं. ज्याची मोटार मोठी त्याची बाग जगते. शेजारची कोरडवाहू विधवा शेतकरीण मात्र टँकरच्या रांगेत उभी राहते. मी बागायतदाराला दोष देत नाही, त्याच्याही डोक्यावर कर्ज आहे. दोष धोरणाचा आहे. सार्वजनिक पैसा खासगी उपशाला मदत करत असेल, तर ते जलसंधारण नव्हे.

कायदा नाही असंही नाही. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे. भूजल सामायिक मानून त्याच्या उपशावर नियमन आणणारा हा कायदा गावापर्यंत मात्र पोहोचलेला नाही. बोअरचं मशीन रात्री येतं, सकाळी निघून जातं, आणि कुणी काही विचारत नाही. निवडणुकीत ज्याला-त्याला तळं देण्याचं आश्वासन देता येतं. उपसा मोजू म्हणणाऱ्याला मतं मिळत नाहीत, म्हणून कुठलाच पक्ष ते म्हणत नाही. ते आपल्यालाच म्हणावं लागेल.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो : पाण्यावरच्या खर्चाचा हिशेब किती खोदलं यावर नको, मे महिन्यात गावच्या विहिरीत किती उरलं आणि ते कुणाकुणाला मिळालं यावर हवा.

1 मे ला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असते. 1981 साली त्याच दिवशी आपला जालना जिल्हा अस्तित्वात आला. या ग्रामसभेला जा आणि तीन गोष्टी मागा. गावात झालेल्या प्रत्येक जलसंधारण कामाची खर्चासह यादी फलकावर लावा. निरीक्षण विहिरीची पातळी दरमहा वाचून दाखवा. आणि नवीन कामाची सुरुवात माथ्यावरून करा. यासाठी नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. हात वर करणारी दहा माणसं लागतात. त्यांतले एक तुम्ही व्हा.