गायिकेचें दुसरें मुख

एखाद्या मुलास एकाच सुरांत 'आ' म्हणावयास सांगावें आणि सूर न सोडतां 'ऊ'कडे वळावयास सांगावें. कंठांतील स्वर होता तोच राहतो. ओठ आवळतात व मुखाची पोकळी बदलते, एवढेंच. कंठनादांत मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर मिसळलेले असतात. त्यांतील कोणते सोडावयाचे व कोणते दाबावयाचे हें मुख ठरवितें. श्रोत्यांनीं इतकें ध्यानांत ठेविलें म्हणजे अमेरिकन गायिका व संगीतरचनाकार अॅनेट पीकॉक यांच्या 'आय अॅम द वन' या तबकडींतील विलक्षण आवाजाचें कोडें बरेंचसें उलगडेल. केवळ स्वतःच्या नांवावर त्यांनीं काढलेली ही पहिली तबकडी, साल १९७२.

रॉबर्ट मोग या अमेरिकन अभियंत्यानें १९६४ सालीं विजेनें स्वर निर्माण करणारें यंत्र लोकांपुढें मांडलें. (गोमंतकीय श्रोत्यांनीं या नांवांत कोंकणींतला 'मोग' शोधूं नये.) विजेचा दाब एक व्होल्टनें वाढला कीं स्वर एक सप्तक चढे. शिवाय उपस्वर गाळणारी एक योजना त्यांत होती. म्हणजे मुखाचेंच काम. यंत्र मात्र फार हट्टी. एका वेळीं एकच स्वर निघे, उष्णतेनें सूर ढळे, आणि आवाजाचा पोत बदलावयाचा तर तारा उपटून दुसरीकडे खोंचाव्या लागत. तें वाजवावयाचें तें पेटीप्रमाणें पट्ट्या दाबून.

मोग यांनीं असें एक आरंभीचें यंत्र पीकॉक बाईंस दिलें. पियानोवादक पॉल ब्ले हे बाईंच्या रचना आधींपासूनच जॅझच्या मैफलींत वाजवीत. त्यांच्या जोडीनें बाईंनीं हें यंत्र रंगमंचावर आणिलें. पण त्या बोटांवर थांबल्या नाहींत. त्यांनीं आपला कंठच यंत्रांत घातला. ध्वनिग्राहकानें आवाजाची वीज करावयाची, ती बळकट करून त्या गाळणींतून न्यावयाची, अशी याची सामान्य रीत. गायिकेस जणूं दुसरें मुख फुटलें.

कंठाची ही विटंबनाच होय, असा आक्षेप सुचणें स्वाभाविक आहे. परंतु संतापानें वा हुंदक्यानें माणसाचा आवाज विद्रूप होतो, तेव्हां त्यास कोणी खोटा म्हणत नाहीं. 'पोनी' या गीतांत पालटलेला आवाज ठसठशीत लयीवर चालतो; तरी त्यामागें श्वास आहे हें कानास कळतें. यंत्रास दम लागत नाहीं, गाणारीस लागतो. सर्वांत धीट गोष्ट म्हणजे 'लव्ह मी टेंडर'. एल्विस प्रेस्ले यांनीं १९५६ सालीं घरोघर पोंचविलेलें हें गीत, ज्याची चाल १८६१ सालची, तें त्यांच्याच आर. सी. ए. कंपनीच्या तबकडीवर बाईंनीं अगदीं निराळें करून गाइलें.

बाजारांत तबकडी फारशी गाजली नाहीं. डेव्हिड बोई यांचे गिटारवादक मिक रॉन्सन यांनीं मात्र १९७४ सालीं आपल्या पहिल्या तबकडींत 'लव्ह मी टेंडर' घेतलें, तें पीकॉक बाईंच्याच मांडणीनें.