विनावेतन शिकवणाऱ्याचे शिक्षण

आपल्या शहरातले कोणतेही क्रीडामंडळ घ्या. संस्था नोंदलेली असते, विश्वस्तांची नावे धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी असतात, खजिनदाराकडून पाच रुपयांची पावती गहाळ झाली तर वार्षिक सभेत जाब विचारला जातो. परंतु रोज सायंकाळी चाळीस मुले ज्याच्या हाती सोपवायची, त्याने शिकवण्याचे काय शिक्षण घेतले आहे, हा प्रश्न कोणत्याही सभेत निघालेला आम्ही ऐकलेला नाही.

कारण उघड आहे. तो मनुष्य फुकट येतो. दिवसभर नोकरी करून, घरी न जाता तो मैदानावर उतरतो. त्याला पात्रता विचारणे म्हणजे उपकार करणाऱ्याकडे दाखला मागणे, असे आपणांस वाटते. ही भीड आम्ही समजू शकतो. पण शिक्षक पगारी आहे की मानसेवी, हे मुलाच्या गुडघ्याला कळत नाही.

तालमीतल्या वस्तादाला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. एकेका पठ्ठ्याला वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवून, चूक दिसली की हाताने दुरुस्त करून तो शिकवीत असे. ती पद्धत थोड्या पठ्ठ्यांना पुरते. आज एका तासाला आठ वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची मुलेमुली एकदम येतात, आणि त्यांच्यापुढे उभा असतो कालपर्यंत उत्तम चढाई करणारा खेळाडू. आपल्या शरीराला जे सोसले तेच तो सर्वांना देतो. कारखान्यात पहिल्या प्रतीचा फिटर शिकाऊ पोरांचा चांगला शिक्षक असतोच असे नाही, तसेच हे. खेळणे व शिकवणे ही दोन निराळी कसबे आहेत.

मग त्याने शिकावयाचे काय? वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. हाड तेथूनच वाढते आणि किशोरवय सरता सरता तो थर पक्का होतो. तोवर रोज तीच उडी शेकडो वेळा मारावयास लावली तर तेथे इजा होते. मूल म्हणते गुडघ्याखाली दुखते, शिक्षक म्हणतो नाटके करू नकोस! कबड्डीत पाय रोवलेला असताना धड एकदम वळले की गुडघ्यातला स्नायुबंध तुटू शकतो. गुडघे वाकवून उतरण्याची सवय आणि नेमाने केलेला पूर्वव्यायाम यांनी हा धोका पुष्कळ कमी होतो. डोक्याला मार बसून मुलाला गरगरले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवावयाचे नाही, मग सामना अंतिम का असेना. मल्लखांबावरून मानेवर पडलेल्यास उचलून बसवू नये. आहे तेथे स्थिर ठेवून रुग्णवाहिका बोलवावी. उन्हात खेळता खेळता मूल बरळू लागले, तर मदत बोलवावी आणि ती येईतो गार पाण्याने त्याचे अंग थंड करावे. यात अवघड काही नाही, पण कोणी शिकवल्यावाचून ते येतही नाही. वजनी गटात बसण्यासाठी पोरे उपाशी राहतात, पाणीही तोडतात, आणि काही ठिकाणी तसे सांगणारा शिक्षकच असतो.

मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा कायदाही त्याला व पदाधिकाऱ्यांना ठाऊक हवा. असा अपराध माहीत असून न कळवणे हाच गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘मंडळाची अब्रू’ म्हणून प्रकरण मिटवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शिकण्याची ठिकाणे नाहीत असे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली निघाली. तेथे वर्षभराची पदविका आहे, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही आहे. वाण आहे ती वेळेची. सहा आठवडे रजा कोण देणार? बिनपगारी घेतली तर चूल कशी पेटणार? उद्या पदविका सक्तीची केली, तर वस्तीतला हा कामगारच मैदानाबाहेर जाईल, आणि ते आम्हांस मुळीच नको.

कामगार चळवळीच्या इतिहासात याला एक उत्तर सापडते. जर्मन कामगारांनी १८९३ साली गेरा येथे आपला निराळा व्यायामसंघ स्थापला आणि १९२६ साली लाइपझिगला संघाची स्वतःची शाळा उघडली. क्लबांतले शिक्षक तेथे तयार होत. १९३३ मध्ये नाझींनी तो संघ मोडून टाकला; तरी क्लबाने आपला शिक्षक शिकवून घ्यावा हा विचार त्या देशात आजही चालू आहे. तेथे क्लबातल्या शिक्षकाचा पहिला परवाना सुमारे १२० तासिकांचा असतो. प्रथमोपचार येणे त्यासाठी आवश्यक असते. परवाना चार वर्षे चालतो, पुढे उजळणी केल्यावाचून तो वाढवून मिळत नाही. बव्हेरियात तर क्लबाचे सरकारी अनुदान ठरवताना त्याच्याकडे असे किती परवाने आहेत हे मोजतात. शिक्षकाच्या मानेवर सक्ती ठेवण्याऐवजी क्लबालाच लाभ दाखवण्याची ही रीत आम्हांस फार पटते.

पाऊण तासाच्या १२० तासिका म्हणजे घड्याळाचे ९० तास. दर रविवारी चार तास दिले तर २३ रविवार. शहरातली आठ-दहा मंडळे एकत्र आली तर एवढा वर्ग येथेच चालेल. हाडांचे डॉक्टर आणि शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक शहरात आहेतच. फी मंडळाने भरावी. ज्याची रविवारी पाळी असेल, त्याची बुडालेली मजुरीही भरावी. त्याला नेमणुकीचे पत्र द्यावे, अपघाताचा विमा उतरावा. सेवा म्हटली की हक्क संपला, हे आम्ही मान्य करीत नाही.

पैसा कोठून आणावा, असे विचाराल. मागल्या स्पर्धेचा हिशेब काढावा. त्यात चषक, मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांच्या शाली असा खर्च लिहिलेला असेल. आमचे म्हणणे, शालींच्या रकमेपासून सुरुवात करावी.