केक झालेला ससा, केकवर बसलेला हत्ती

१९८०-९०च्या दशकांत मराठी घरात वाढदिवसाला प्राण्याचा केक करायचा ठरला, की बहुधा ससाच व्हायचा. मुलांना ससा आवडतो हे आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे घरातली केकची भांडी गोल होती. ॲल्युमिनियमचा गोल इलेक्ट्रिक ओव्हन, त्याच्या झाकणाला काचेची खिडकी आणि आत जेमतेम मावणारा गोल डबा. ज्यांच्याकडे तोही नसे, त्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला वाळू नाहीतर जाडं मीठ पसरत आणि त्यावर डबा ठेवत. गोलातून जे जनावर निघेल ते आपलं.

आणि गोलातून ससा फार सुरेख निघतो. दोन केक भाजायचे. एक अख्खा ठेवायचा, तो चेहरा. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंनी आत वळणारे कंस कापले की दोन लांबट कान सुटतात आणि मधला उरलेला तुकडा आपसूक बो-टायच्या आकाराचा होतो. तो हनुवटीखाली चिकटवायचा. चमचाभर चुरासुद्धा वाया जात नाही, आणि हे ज्या कुणा गृहिणीला सुचलं असेल तिला माझा मनापासून नमस्कार. ही कापाकापी मूळची आपली नव्हे. अमेरिकेत बेकर्स कोकोनट या ब्रँडने १९५९ साली प्राण्यांच्या आकाराचे केक कसे कापायचे याची पुस्तिकाच काढली होती. खोबऱ्याचा खप वाढावा हा त्यामागचा उघड हेतू, कारण पांढऱ्या प्राण्याचं अंग झाकायला खोबऱ्याइतकी स्वस्त लोकर दुसरी नाही. आपल्याकडे अशा युक्त्या मासिकांतून आणि बेकिंगच्या क्लासच्या वह्यांतून फिरत राहिल्या. पान पिवळं पडलेलं, त्यावर तुपाचा डाग, शेजारी पेन्सिलने काढलेला ससा, आणि ‘कान दुसऱ्या केकमधून’ अशी सूचना.

खोबरं तर आपल्याकडे हवं तेवढं. पण ओला नारळ इथे कामाचा नाही. तो आयसिंगला पाणी सोडतो आणि उकाड्यात संध्याकाळपर्यंत त्याला आंबूस वास येतो. म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाटीची तपकिरी पाठ खरवडून काढायची आणि पांढरा गर किसणीच्या सर्वांत बारीक बाजूने किसायचा. घाईत असाल तर डेसिकेटेड कोकोनटचं पाकीट. डोळ्यांना जेम्सच्या गोळ्या (कॅडबरीने त्या १९६८मध्ये भारतात आणल्या, आणि दोन एकाच रंगाच्या सापडेपर्यंत निम्मं पाकीट पोरांच्या तोंडात जायचं), नाकाला लाल चेरी, मिशांना भाजलेल्या शेवया.

सशाखालोखाल कासव. कढईत किंवा मोठ्या वाडग्यात भाजलेला केक पालथा घातला की पाठ तयार. मग साळिंदर, त्याच्या अंगावर बदामाचे उभे काप. सगळे बसके, जमिनीला धरून असलेले प्राणी. जिराफ कुणी केल्याचं मला आठवत नाही.

आयसिंगचं मात्र कठीण होतं. लोणी पस्तिशीच्या आतबाहेर वितळतं आणि पुण्याचा मे महिना त्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत वाढदिवस येणाऱ्या मुलांच्या नशिबी डालडा आणि आयसिंग शुगर फेसून केलेलं क्रीम असायचं. ते टिकायचं खरं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसे आणि तो चहाच्या घोटानेच निघे. जुन्या केकच्या आठवणीने गहिवरणारे हा थर सोयीस्करपणे विसरतात.

अंड्याचा प्रश्न आणखी वेगळा. पुण्याच्या वेकफिल्डने १९५६पासून बेकिंग पावडर, कस्टर्ड पावडर घरोघरी पोचवली होती, आणि मिल्कमेड घालून बिनअंड्याचा केक होतो हे कळल्यावर ज्या स्वयंपाकघरांत केकला मज्जाव होता तिथेही तो आला. आजी तुकडा घेऊ लागली. आधी निरांजनाने औक्षण, मग मेणबत्त्या, असा तह झाला. दिवा फुंकायचा नाही यावर ती शेवटपर्यंत ठाम राहिली, तेव्हा मेणबत्ती नुसती लावून ठेवायची आणि गाणं संपलं की हाताने वारा घालायचा, असाही मार्ग निघाला.

पण बिनअंड्याचा केला तरी ससा कापायचा म्हणजे कापायचाच, आणि इथे काही जैन घरांत हात थांबायचा. त्यामागे हजार वर्षांहून जुनी कथा आहे. यशोधर राजा आईच्या आग्रहाखातर देवीला बळी द्यायला तयार होतो, पण जिवंत पशू नको म्हणून पिठाचा कोंबडा करून तो मारतो. मारण्याचा संकल्प तर केलाच, एवढ्या दोषापायी आई-मुलाला जन्मामागून जन्म पशुयोनीत भोगावे लागतात. सोमदेवसूरींच्या इ.स. ९५९मधल्या ‘यशस्तिलका’त ही कथा आहे, आणि राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहून अपभ्रंशात लिहिणाऱ्या पुष्पदंतांनीही तिच्यावर काव्य रचलं. ठाण्याच्या सोसायटीत वाढदिवसाला गेलेली एखादी शेजारीण ‘कानाचा तुकडा नको हं’ म्हणते, तेव्हा ती हट्टी असते असं नाही. बाकीच्या घरांतसुद्धा सुरी आधी कुठे लावायची यावर क्षणभर सगळे घुटमळायचेच. बो-टाय आधी जायचा.

मग फॉन्डंट आलं. त्याआधी व्हिप टॉपिंगची काही वर्षं होऊन गेली. त्या काळात ताऱ्याच्या आकाराच्या नोझलने ठिपका-ठिपका भरलेले अस्वलाचे केक सगळीकडे एकसारखे दिसत. त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही. फॉन्डंटने मात्र सगळं उलटवलं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, पुण्यात बोहरी आळी इथे साचे, रंग, बोर्ड, खोकी मिळू लागली. यूट्यूबवर रशियातली बाई हत्ती कसा वळते ते रात्री मुलं झोपल्यावर पाहता येऊ लागलं. साखर, ग्लुकोज आणि जिलेटिनच्या या मऊ गोळ्यात सीएमसी पावडर मळली की तो वाळून कडक होतो आणि उभा राहतो. जिराफ शक्य झाला! मान सरळ राहायला आत काडी.

मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हातांना हे काम नवं वाटलंच नाही. करंजीच्या कातण्याने फॉन्डंटची कड कापणाऱ्या मी पाहिल्या आहेत. हत्तीचं धड जड होऊ नये म्हणून केकचा चुरा चॉकलेटच्या गनाशमध्ये मळून त्याचा लाडू वळायचा, फ्रिजमध्ये घट्ट करायचा आणि वरून फॉन्डंटची पातळ पोळी चढवायची. लाडू वळताना तळहात किती दाबायचा हे जिला ठाऊक, तिच्या हत्तीला तडे जात नाहीत. कान निराळे वाळवायचे, चमच्याच्या खोलगट भागात ठेवून, म्हणजे त्यांना बाक येतो. पावसाळ्यात मात्र सगळी विद्या हरते. साखर हवेतलं पाणी ओढते, मुंबईच्या जुलैत हत्तीला अक्षरशः घाम फुटतो आणि सोंड सावकाश खाली येते. फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढला तर आणखी वाईट. पंख्याखाली दोन-तीन दिवस आधी करून ठेवणं हाच उपाय.

माझी तक्रार इथेच सुरू होते. पूर्वी ससा हाच केक होता. आता हत्ती केकवर बसतो आणि केक त्याचा पाट झाला आहे. सीएमसीने वाळलेला हत्ती दाताने फुटत नाही. तो पुसून शोकेसमध्ये जातो आणि दोन वर्षांनी मुंग्या त्याचा शोध लावतात. आपल्याला हे परकं नाही, कारण लग्नात रुखवत मांडणारे लोक आपण. बघायचं, वाखाणायचं, खायचं नाही. रुखवतासाठी साखरेची वृंदावनं करणाऱ्या मावशा-काकूंचा वारसाच हा. पुण्याच्या केककलाकार प्राची धबल देब यांनी इंग्लंडमध्ये आयसिंगतज्ज्ञ एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंग शिकून ते बिनअंड्याचं केलं आणि २०२२मध्ये शंभर किलोंच्या महालासारख्या रचनेने विक्रम नोंदवला. त्या कौशल्यापुढे मान तुकवावीच लागते. पण तीन वर्षांच्या मुलाला हत्ती चावायचा असतो, आणि त्याला ‘हात लावू नको’ सांगावं लागतं हे मला पटत नाही. एक मान्य करायला हवं: त्या जैन शेजारणीचा प्रश्न मात्र सुटला. प्राणी उचलून बाजूला ठेवला की खालचा केक बिनदिक्कत कापता येतो.

२०२०च्या टाळेबंदीत गाडी पुन्हा स्वयंपाकघरात आली. बेकऱ्या बंद, वाढदिवस चालू. बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनोचं पाकीट यावर केक होत होते आणि त्यांना हाताशी असेल त्याचे कान-डोळे लागत होते. बिस्किटांचे अस्वलाचे कान त्या वर्षी मोबाईलवर किती पाहिले असतील! त्यातल्या अनेक जणींनी पुढे शंभर रुपयांची अन्नसुरक्षेची नोंदणी केली आणि किलोच्या भावाने ऑर्डरी घेऊ लागल्या, टॉपरचे पैसे वेगळे. पहिल्या वाढदिवसाला जंगल सफारी ठरलेली: सिंह, जिराफ, हत्ती, झेब्रा, आणि मध्ये मुलाचं नाव. कार्टूनमधल्या गुलाबी डुकराची ऑर्डर आली की आजीचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सध्या मागणी डायनासोरची आहे, आणि त्याने मला अनपेक्षित आनंद दिला. कारण स्टेगोसॉरस फॉन्डंटशिवाय होतो. एकच गोल केक बरोबर मधून कापायचा, दोन्ही अर्धे गनाशने एकमेकांना चिकटवून सपाट कडेवर उभे करायचे, की कमानदार पाठ समोर येते. डोकं आणि शेपूट छोट्या लोफ केकमधून. वर हिरवं क्रीम, रंग बेताचा, नाहीतर पाहुण्यांच्या जिभा दुसऱ्या दिवसापर्यंत हिरव्या. पाठीवरच्या तबकड्यांसाठी परवा भाचीने काजूकतली तिरकी कापून ओळीने खोचली. चांदीच्या वर्खासकट. केक कापायची कुणी वाटच पाहिली नाही. आधी पाठ साफ झाली आणि मग उरलेल्या हिरव्या ढिगाऱ्यावर मेणबत्त्या लावल्या.