टँकचं काम: मारणं कमी, अडवून धरणं जास्त

टँक म्हटलं की माझ्यासारख्या फौजी माणसाच्या डोळ्यांसमोर रणगाडा येतो. इथे भिलाईत आमच्या शेजारची मुलं मात्र टँक म्हणतात ते ऑनलाइन खेळातल्या ढालवाल्याला. त्याचा मार इतरांपेक्षा कमीच असतो. बॉसचं लक्ष स्वतःवर खिळवून ठेवायचं, म्हणजे मारणारे मारतात आणि हीलर जखमा भरतात.

ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. जुलै 1660 मध्ये बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले, ते शत्रूची सगळी फौज कापून काढायला नव्हे. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत शत्रूला तिथेच थोपवायचं होतं. त्यासाठी जागा निवडली अरुंद खिंडीची. बाजींनी प्राण दिले. खेळातल्या टँकला मात्र जिवंत राहावंच लागतं. तो पडला की बहुतेक वेळा सगळी तुकडीच पडते.

उदाहरण घेऊ 2004 साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं. त्यातली ओनिक्सिया ही ड्रॅगन मूळ खेळात 40 जणांची तुकडी मिळून मारायची. तिथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, राग. खेळात याला 'थ्रेट' म्हणतात. कुणी किती मारलं, किती जखमा भरल्या, याचा हिशेब बॉस ठेवतो आणि ज्याचा आकडा सर्वांत वर, त्याच्यावर धावतो. टँकच्या घावांना थ्रेट जास्त मिळतो, पण तो साठायला वेळ लागतो. म्हणून सुरुवातीचे काही सेकंद बाकीच्यांनी हात आवरायचा. कुणी पुढे गेलंच, तर 'टाँट' वापरून बॉसला परत आपल्याकडे वळवायचं.

दुसरी, जागा. ओनिक्सियाच्या तोंडातून आग निघते आणि शेपटीचा फटका माणसाला अंड्यांच्या खड्ड्यात फेकतो. मग पिल्लं बाहेर पडतात आणि गोंधळ उडतो. म्हणून टँकने पाठ गुहेच्या भिंतीला लावायची, पंखांच्या झोताने मागे फेकला जाणार नाही. ड्रॅगनचं तोंड आपल्याकडे ठेवायचं आणि बाकीच्यांनी तिच्या कुशीला उभं राहायचं. एकदा जागा धरली की उगाच हलायचं नाही. तुम्ही हललात की ती वळते आणि आग भलत्यांवर पडते.

तिसरी, वेळ. योद्ध्याची 'शिल्ड वॉल' मूळ खेळात 10 सेकंद मार 75 टक्क्यांनी कमी करायची, पण पुन्हा मिळायची 30 मिनिटांनी. घाबरून पहिल्याच फटक्याला ती वापरली, तर खऱ्या संकटात हात रिकामे. ओनिक्सियाची 65 टक्के ताकद उरली की ती हवेत उडते, 40 टक्क्यांवर खाली उतरते. उतरल्याबरोबर तिला पुन्हा ताब्यात घ्यायचं. हे टप्पे आधीच पाठ हवेत, आणि ढाल वापरण्यापूर्वी हीलरला माईकवर सांगायला हवं.

मुलांनो, सर्वाधिक मार कुणी केला, याच्या यादीत टँकचं नाव खालीच दिसणार. ते सलत असेल तर दुसरी भूमिका घ्या, त्यात कमीपणा नाही. पण टँक झालात तर 39 जणांची संध्याकाळ तुमच्या जागेवर टिकून राहण्यावर अवलंबून आहे, एवढं ध्यानात ठेवा. फौजेत अशा माणसाच्या पाठीशी उभं राहायला लोक तयार असतात. जय हिंद.