इलेक्ट्रॉनवर खूण नसते

रेडमंडच्या शाळांत शिकणारी आपली मुले अणूच्या धड्यापाशी पोहोचली आणि घरी मराठीत त्याविषयी बोलणे निघाले, की पहिला गोंधळ शब्दांचाच होतो. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तके ‘अ‍ॅटम’ला अणू व ‘मॉलिक्यूल’ला रेणू म्हणतात, हिंदी माध्यमात शिकलेला शेजारी त्याच अ‍ॅटमला परमाणु म्हणतो आणि अणु हा शब्द रेणूसाठी राखून ठेवतो. एवढा उलगडा झाला की पुढची वाट सोपी आहे.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभाररहित न्यूट्रॉन. भोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन थॉमसन यांनी १८९७ मध्ये शोधला, केंद्रकाचा सिद्धांत रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडला आणि न्यूट्रॉन चॅडविक यांना १९३२ मध्ये सापडला. मूलद्रव्य कोणते, हे केवळ प्रोटॉनच्या संख्येवरून ठरते : एक असेल तर हायड्रोजन, आठ असतील तर ऑक्सिजन. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड असतो, म्हणून अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान केंद्रकात एकवटलेले असते.

आकाराची कल्पना यावी यासाठी मुलांना मॅरीमूर पार्कात न्यावे. तेथील सायकल शर्यतीची धावपट्टी ४०० मीटर लांबीची आहे. तिच्या मधोमध मोहरीचा एक दाणा ठेवला आणि तो हायड्रोजनचे केंद्रक मानला, तर अणूचा विस्तार साधारण त्या धावपट्टीएवढा भरेल. (मोहरी म्हटले की आपल्या घरांत किसागोतमी आठवणारच, पण हा दाणा निराळ्या कामाचा.) उरलेल्या जागेत एकच इलेक्ट्रॉन, तोही सूर्याभोवतीच्या ग्रहासारखा फिरणारा नव्हे. पुस्तकातील ते चित्र आता बदलायला हवे. इलेक्ट्रॉन हा शक्यतांच्या ढगासारखा पसरलेला असतो.

मग स्पर्श म्हणजे काय? हात पेल्याला टेकतो तेव्हा दोन्हींकडची केंद्रके एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. बाहेरचे इलेक्ट्रॉन-ढग एकमेकांना दूर सारतात; दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउली यांचा १९२५ चा नियमही आड येतो. त्या प्रतिकारालाच आपण स्पर्श म्हणतो.

आपल्या गावातून निघणारा ५२० क्रमांकाचा महामार्ग तलाव ओलांडून सिअ‍ॅटलला पोहोचतो, तेथे जवळच वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. हान्स डेमेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये याच विद्यापीठात चुंबकीय व विद्युत क्षेत्रांच्या सापळ्यात एक, केवळ एक इलेक्ट्रॉन धरून ठेवला. पुढे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण असलेला एक पॉझिट्रॉन त्यांनी सुमारे तीन महिने सांभाळला आणि त्याला ‘प्रिसिला’ असे नावही दिले. या कार्यासाठी डेमेल्ट यांना १९८९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रिसिलाला नाव देता आले, कारण ती सापळ्यात एकटी होती. तशा दुसऱ्या पॉझिट्रॉनमध्ये मिसळली असती, तर तिला ओळखण्याचा कोणताही उपाय निसर्गात नाही. एका जातीच्या मूलकणांत तिळमात्र फरक नसतो. कुठून आला, कोणाच्या देहात होता, याची नोंद इलेक्ट्रॉन ठेवत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. अस्पृश्यता अन्याय्य ठरवायला अणूची साक्ष लागत नाही. बाबासाहेबांनी तो लढा मानवी हक्काचा म्हणूनच लढला. परंतु विटाळाचा दावा पाण्यासारख्या पदार्थाविषयी होता, तेव्हा पदार्थविज्ञानाला विचारणे रास्तच. हातावरचा घाम, तेल, जंतू पाण्यात उतरतात, हे खरे. ते कोणाच्याही हातावरून उतरतात. त्यापलीकडे स्पर्शाने पाण्याच्या रेणूत काही बदलत नाही. शिवाय पाण्याचा रेणू तोच तो राहतही नाही. त्यातील हायड्रोजनची केंद्रके, म्हणजे प्रोटॉन, शेजारच्या रेणूंशी सतत अदलाबदल करीत असतात. शुद्ध पाण्यात एक प्रोटॉन एका रेणूपाशी सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरताच टिकतो. बाबासाहेबांची ओंजळ ओठांपर्यंत जाईतो तिच्यातील प्रोटॉनांनी कितीतरी घरे बदलली होती. आणि त्या १०८ घागरींत जे होते, तेही मुख्यतः पाणीच.