परदेशातली आरोग्य तपासणी : वजनाची धास्ती नको, हक्कांची माहिती हवी

“आई, पुढच्या आठवड्यात कंपनीची तपासणी आहे. मी रात्रीचं जेवण बंद केलंय.”

जपानमध्ये वृद्धांच्या देखभालीचे काम करणाऱ्या मुलीचा असा फोन आला तर आईने काय म्हणावे? जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला. त्यातल्या कामांमध्ये वृद्धांची देखभालही आहे. वस्त्यांमधली नर्सिंग किंवा केअरगिव्हरचे शिक्षण घेतलेली मुलेमुली आज जपानी भाषा शिकत आहेत. तिथे पोहोचल्यावर कामाची भीती हळूहळू जाते. वर्षातून एकदा तरी येणाऱ्या तपासणीची भीती मात्र पुष्कळांच्या मनात राहते. वजन वाढलेले दिसले तर? साहेबांना कळले तर? व्हिसा गेला तर?

ही तपासणी कशी असते?

तिला जपानीत ‘केन्को शिंदान’ म्हणतात. १९७२ च्या कामगार सुरक्षा व आरोग्य कायद्यानुसार मालकाने दरवर्षी ती करून घ्यायची असते आणि खर्चही त्यानेच करायचा असतो. रात्रपाळी नियमित असेल तर तपासणी दर सहा महिन्यांनी होते. उंची, वजन, दृष्टी, श्रवण, बीपी, लघवी, छातीचा एक्सरे, रक्त, ईसीजी अशी यादी ठरलेली आहे. पस्तिसावे वर्ष सोडले तर चाळिशीच्या आतल्यांच्या बाबतीत डॉक्टर रक्त, ईसीजी आणि कंबरेचे माप वगळू शकतात.

आपल्या मुलींना अवघड जाते ते वातावरण. हातात कागद घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे रांगेने जायचे, आणि त्याच रांगेत कामावरची माणसे असतात. आपल्याकडे दवाखान्यात चार जणांसमोर पोट दाखवायची सवय लावलेली असते, म्हणून तिथेही मुली गप्प बसतात. गप्प बसायचे कारण नाही. काट्यावर उभे राहण्यापूर्वी हळूच सांगता येते, “सूजी वा इवानाइदे कुदासाइ”, म्हणजे आकडा बोलून दाखवू नका. महिला डॉक्टर हवी असेल तर “ओन्ना नो सेन्सेइ ओ ओनेगाइ शिमास” असे म्हणावे. प्रत्येक ठिकाणी सोय होईलच असे नाही, पण तारीख ठरतानाच विचारले तर शक्यता वाढते. बटण, चेन, छपाई नसलेला साधा टी-शर्ट घातला तर एक्सरेच्या वेळी बहुतेक ठिकाणी तो काढावा लागत नाही.

आकडा कोण पाहतो?

इथे खरे तेच सांगायला हवे. कायद्याच्या यादीतल्या तपासण्यांचा निकाल मालकाकडे जातो. त्याने तो पाच वर्षे जपून ठेवायचा असतो आणि कामगारालाही कळवायचा असतो. तपासणी टाळता येत नाही. मात्र कंपनीने ठरवलेल्या डॉक्टरकडे जायचे नसेल तर स्वतः निवडलेल्या डॉक्टरकडून त्याच तपासण्या करून दाखला देता येतो. अशा वेळी खर्चाचे आधी विचारून घ्यावे.

तपासणी करणाऱ्यांवर गुप्तता पाळण्याचे बंधन आहे. आरोग्याची माहिती कोणी, कशासाठी पाहायची याबाबत २०१९ पासून कायद्यात वेगळे कलम आहे. सोबत काम करणाऱ्यांमध्ये तुमच्या वजनाची चर्चा होणे या नियमांत बसत नाही. यादीबाहेरच्या तपासण्या, उदाहरणार्थ स्तनांची किंवा गर्भाशयाची तपासणी, कायद्याने सक्तीच्या नाहीत. त्या फायद्याच्या असतात, पण निर्णय आपला. एचआयव्हीची चाचणीही या यादीत नाही.

वजन जास्त म्हणून व्हिसा रद्द होतो किंवा दंड बसतो, असा नियम जपानमध्ये नाही. ही अफवा २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘मेताबो’ तपासणीवरून पसरली. ती ४० ते ७४ वयाच्या लोकांसाठी आहे. कंबर पुरुषांची ८५ आणि स्त्रियांची ९० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरली, आणि सोबत बीपी, साखर वगैरेही वाढलेले असले, तर आहार-व्यायामाचा सल्ला मिळतो. भारतीय तज्ज्ञांनी हीच मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० ठेवली आहे. म्हणजे ८६ सेंटिमीटर कंबरेची बाई तिथे मर्यादेत आणि इथे बाहेर! या रेषा धोक्याची सूचना देण्यासाठी आखलेल्या आहेत. त्यावरून माणसाची लायकी ठरत नाही.

उपाशी राहू नका

तपासणीआधी पंधरा दिवस जेवण तोडल्याने निकालच बिघडतो. लघवीत कीटोन दिसू शकतात, युरिक अॅसिड वाढू शकते. वृद्धांना उचलण्याच्या कामात चक्कर आली तर दोघांनाही इजा होईल. रक्त देण्याआधी साधारण दहा तास खायचे नसते, पाणी चालते. दवाखान्याच्या कागदावर जे लिहिले असेल ते पाळावे. नेहमीच्या गोळ्यांबद्दल आधी विचारावे. पाळी सुरू असेल तर सांगावे, कारण लघवीचा निकाल चुकू शकतो. गरोदर असण्याची शक्यता असेल तर एक्सरेच्या आधीच सांगावे. आधीचा टीबी किंवा इतर आजार लपवू नये. माहिती असेल तर डॉक्टरला जुना डाग आणि नवा आजार यांतला फरक ओळखणे सोपे जाते.

घरच्यांनी काय करावे?

व्हिडिओ कॉल लागताच आपण पहिले काय बोलतो? “किती जाडी झालीस गं!” नाहीतर “वाळलीस की!” मावशी, काकू, शेजारीण, सगळ्या स्क्रीनमध्ये डोकावून तेच म्हणतात. लग्नाचा विषय निघाला की आणखी. परक्या देशात रात्रपाळी करून आलेली मुलगी ते ऐकते आणि फोन ठेवल्यावर जेवण तोडते. काट्याची भीती पुष्कळदा आपल्याच घरातून तिच्यासोबत गेलेली असते.

तेव्हा पुढच्या फोनवर आईने विचारावे, “जेवलीस का? झोप झाली का? तपासणीचा कागद नीट समजला का?” निकालात पुन्हा तपासणी करा असे आले असेल तर तिला लगेच जायला सांगावे, कारण तपासणीचा खरा उपयोग तिथेच होतो. आणि तो कागद नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. तिच्या शरीराची माहिती तिची आहे. कंपनीने ती जपावी असे आपल्याला वाटते, मग घरातही ती जपली पाहिजे.